सहदेवला पोहता येत नाही

बुलढाण्याहून खामगावकडे उतरणाऱ्या घाटाच्या अलीकडे एक कच्चा रस्ता राखीव जंगलात शिरतो आणि तीन मैलांवर एका तलावापाशी संपतो. तिथे वनखात्याची चौकी होती, चौकीला लागून दोन खोल्या होत्या आणि त्या खोल्यांमध्ये नाकेदार सहदेव आणि त्याची बायको कला चौथा उन्हाळा काढत होती. एरवी तिथे माणसाचा आवाज क्वचितच यायचा. मे महिना लागला की मात्र शहरातल्या वकील-डॉक्टरांची कुटुंबं जीपगाड्या करून पाण्यावर येत. पळसाच्या सावलीत सतरंज्या पडत, खात्याच्या जुन्या डोंग्यातून बायका भीतभीत एक फेरी मारून येत आणि मुलं कमरेला वाळलेले भोपळे बांधून संध्याकाळपर्यंत पाण्यात असत. कला त्यांच्यासाठी रोडगे भाजून द्यायची, वांग्याची भाजी करून द्यायची. सहदेव काठावरच्या दगडावर बसून मुलांवर नजर ठेवायचा. तो स्वतः कधी पाण्यात उतरत नसे, आणि का उतरत नाही हे कलाला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती.

नऊ वर्षांपूर्वी, महाराष्ट्र राज्य झालं त्याच उन्हाळ्यात, धाड गावी, माहेरच्या मळ्यातल्या विहिरीत तिचा धाकटा भाऊ इंद्रभान बुडाला. अडकलेला दोर सोडवायला तो पायऱ्यांवरून खाली उतरला होता आणि शेवाळावरून घसरला. विहिरीवर तेव्हा सहदेव एकटाच होता. लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. कला खळ्यात होती. आरडाओरडा ऐकून ती धावत पोचली तेव्हा सगळं संपलं होतं आणि सहदेव काठावर कोरड्या कपड्यांनिशी उभा होता. तिच्या आईने, सत्यभामाबाईने, चार माणसांत विचारलं की जावयाने उडी का घेतली नाही. त्यांना पोहता येत नाही, असं कलाने सांगितलं. आईने ते मानलं नाही. मग कलाने माहेर सोडलं. सणाला गेली नाही, बाळंतपणाला गेली नाही, ते मूल राहिलं नाही तेव्हाही गेली नाही. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा ती फक्त दहाव्याला जाऊन त्याच संध्याकाळच्या एसटीने परत आली.

त्या वर्षी खामगावच्या एका वकिलांचं कुटुंब तलावाजवळच्या खात्याच्या बंगल्यावर पंधरा दिवस मुक्कामाला होतं. एके दिवशी वकिलीणबाई ताक मागायला आल्या आणि जाता जाता, अगदी सहज, कौतुकाने म्हणाल्या, "तुमचे नाकेदार फार छान शिकवतात हो. आमची धाकटी पाण्याला हात लावत नव्हती, आता उताणी तरंगते."

दुसरे कोणी असतील, असं कला म्हणाली. वकिलीणबाई हसल्या आणि ताकाचं भांडं घेऊन निघून गेल्या.

सहदेव घरी आला तेव्हा तिने त्याच्या नकळत धोतराचा सोगा चाचपून पाहिला. कोरडा होता. केस कोरडे होते, टॉवेल कोरडा होता. भाकरी वाढली आणि तो जेवताना ती त्याच्याकडे पाहत राहिली. तोंडात घास असताना तो नेहमीसारखाच दाराबाहेर बघत होता.

तिसऱ्या दिवशी सरपणाचं निमित्त काढून ती दुपारी तलावाच्या बंधाऱ्यावर गेली आणि करवंदीच्या जाळीमागे उभी राहिली. ऊन पाण्यावर पांढरं पडलं होतं. मुलं काठाशी डुंबत होती आणि त्यांच्या पलीकडे, तलावाच्या मध्यावर, एक माणूस पोहत होता. घाई नव्हती, धाप नव्हती. एक हात पाण्यातून वर निघे, कोपरात वाके आणि आवाज न करता पुन्हा पाण्यात शिरे. पलीकडच्या काठाला टेकून तो वळला, तेव्हा तिला त्याचा चेहरा दिसला. सहदेव होता. आईची आलेली पाच पत्रं तिने चुलीत घातली होती, न उघडता; त्यातलं एकेक पत्र घालतानाची आच तिला त्या उन्हात चेहऱ्यावर जाणवली.

दोन दिवस तिने घरातली कामं केली. तिसऱ्या दिवशी सकाळी, तो पायताणाला तेल लावत बसला असताना, ती समोर जाऊन उभी राहिली.

"तुमाले पोहता येते," ती म्हणाली.

"येते," सहदेव म्हणाला. "नदीकाठचा मानूस मी. लहानपनापासून येते."

"मंग इंदरच्या वक्ताले उडी काऊन नाही घेतली?"

सहदेवने पायताण खाली ठेवलं. आपल्याला कोणी भलतंच विचारावं आणि ते थट्टेत आहे की खरं हे कळू नये, तसं त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता; असलाच तर तिच्याविषयी एक जुना, दमलेला राग होता.

"तू हात सोडला नाही माहा," तो म्हणाला. "दोन्ही हातानं दंड धरला होता. मी म्हनलो, सोड, पोरगा चालला. तू सोडला नाही. मंग मायनं इचारलं, त तूच बोलली की ह्यायले पोहता येत नाही. मी चूप राह्यलो. नऊ वर्ष चूप राह्यलो."

"मी खळ्यात होती," कला म्हणाली.

"बरं," तो म्हणाला आणि त्याने पायताण पुन्हा हातात घेतलं.

दिवसभर तिने ते खळं आठवून पाहिलं. ज्वारीची कणसं, बैलांच्या तोंडाला बांधलेली मुसकी, पायाला टोचणारं काड, सगळं जागच्या जागी होतं. हा माणूस आपल्याला फसवतो आहे, आधी एकदा फसवलं आणि आता ते पाप आपल्याच पदरात बांधतो आहे, हे तिला स्वच्छ कळत होतं. खरं काय ते सांगू शकली असती अशी एकच बाई होती, तिची आई, आणि ती मरेपर्यंत कला या माणसासाठी तिच्याशी बोलली नव्हती.

रविवारी वकिलांच्या मुक्कामाचा शेवटचा दिवस होता. रोडगे काठावरच भाजायचं ठरलं. पळसाखाली परात घेऊन कला पीठ मळायला बसली आणि सहदेव तिच्या डाव्या अंगाला गोवऱ्या रचायला बसला. पाण्यात मुलांचा गलका चालला होता. त्यातून एकाएकी एक आवाज वेगळा निघाला. वकिलांच्या धाकटीच्या कमरेचे भोपळे सुटून एका बाजूला तरंगत चालले होते आणि ती दुसऱ्या बाजूला, खोल पाण्यात, एकदा वर येऊन पुन्हा खाली गेली.

"उठा," कला म्हणाली. "जा ना."

सहदेव उठला होता. अर्धा उठून तो पाण्याकडे झुकला होता, पाय मातीत रोवून सगळा जीव पुढे ओढत होता. पण त्याचा उजवा हात तिच्या बाजूला मागे ताणलेला होता, खांद्यापासून ताठ, आणि तो काही केल्या पुढे येत नव्हता.

"सोड, कला," तो हळूच म्हणाला. "पोरगी चालली."

तेवढ्यात वकिलांनी कपड्यांसकट उडी घेतली. त्यांनी मुलीला केसांना धरून वर काढलं, काठावर आणून पालथं केलं, पाणी काढलं, आणि ती रडायला लागली. सगळे तिच्याभोवती जमले. वकिलीणबाईंनी तिला उराशी घेतलं आणि मग, श्वास जागेवर आल्यावर, त्या पळसाकडे वळल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

"बाई," त्या म्हणाल्या, "ते जात होते ना. तुम्ही त्यांना असं धरून का ठेवलंत?"

कलाने खाली पाहिलं. तिचे दोन्ही हात परातीत होते, मनगटापर्यंत पिठात रुतलेले.