हत्तीचा दीडपट खर्च

औंधच्या यमाईच्या डोंगरामागं सयाजी निकमांचं गाव. तिथं त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. शेंबड्या पोरापासून सरपंचापर्यंत सगळ्यांचे ते हत्तीवाले आबा. वीस वर्षांपूर्वी फौजेत असताना शांतिसेनेबरोबर ते वर्षभर आफ्रिकेत, काँगोला राहून आले होते. तिथं म्हणे एक हत्ती त्यांच्या जीपला आडवा आला. चाळीस मिनिटं जागचा हलेना. शेवटी आबा खाली उतरले, टाचा जुळवल्या, कडक सॅल्यूट ठोकला, तेव्हा कुठं हत्तीनं कान हलवले आणि वाट सोडली. त्या हत्तीचा फोटो त्यांच्या सोप्यात फ्रेम करून लावलेला होता.

हत्ती खोटा होता. फोटो म्हणजे परतीच्या वाटेवर विमानतळावर एक डॉलर देऊन घेतलेलं कार्ड. आबा तिथं स्टोअरमन होते. वर्षभर तारेच्या कुंपणाआत त्यांनी ब्लँकेटं, डिझेलचे कॅन आणि डाळीची पोती मोजली. जनावर म्हणाल तर माकडं बघितली, तीही लंगरच्या, म्हणजे फौजी स्वयंपाकघराच्या, पत्र्यावर बसलेली. गावी आल्यावर पारावर कुणीतरी विचारलं, हत्ती बघितला का, आणि यांच्या तोंडून निघून गेलं, व्हय. एकदा बाहेर पडलेली थाप परत गिळता येत नाही. मग दरसाल हत्ती वीतभर वाढत गेला.

ऐकणाऱ्यांत सगळ्यांत पुढं असायची साळूबाई, त्यांची बायको. शंभरदा ऐकूनही सॅल्यूटच्या जागेला ती पदर तोंडाला लावून हसायची.

तीन वर्षांपूर्वी मिरजेच्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून सांगितलं, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली औषधांवर फार तर दोन-तीन वर्षं कामाची राहील. साळूबाई रडली नाही. परतताना एसटीत विट्याचा स्टँड मागं पडल्यावर म्हणाली, "आवं, दिसतंय तवर मला तुमचा हत्ती दावा."

उभ्या जन्मात तिनं नथसुद्धा मागितली नव्हती. नाही कसं म्हणणार?

आबा एकटेच सांगलीला जाऊन चौकशी करून आले. राहील मुजावर नावाचा भला पोरगा तिथं प्रवासाचं ऑफिस चालवायचा. काँगोला कुणी फिरायला जात नाही आबा, केनियाला चला, म्हणाला. सात दिवस, दोघांचे चार लाख ऐंशी हजार. विमान, व्हिसा, गाडी, राहणं-खाणं, पिवळ्या तापाची लस, सगळं त्यात.

चोराच्या मनात चांदणं. आबांना वाटलं, ही बाई तिथल्या गाइडला पहिल्याच दिवशी विचारणार की सॅल्यूट केल्यावर हत्ती बाजूला होतो का, आणि तो खो-खो हसणार. घरी आल्यावर त्यांनी वही उघडली आणि स्टोअरमनची जुनी विद्या बाहेर काढली. शंभर ब्लँकेटं हवी असली की मागणीत दीडशे लिहायची, वरचा साहेब कापतोच. त्यांनी लिहिलं, सात लाख वीस हजार. बक्षिसी, दुर्बीण, गरम कपडे, अडीअडचणीला राखीव.

"एवढं?" साळूबाई म्हणाली.

"फौजेत दीडपट धरायची रीत हाय, साळू. परमुलखात हात पसरायला नको."

पण इथं वर कापणारा साहेब नव्हता, खाली जमवणारी साळूबाई होती. तिनं दोन्ही म्हशी विकल्या, पोस्टातली ठेव मोडली. पुण्याचा लेक विश्वजित म्हणाला, कमी पडतील ते मी घालतो. आबा गरजले, "पोराच्या जिवावर हौस करणारा मी न्हाई!" गावानं वाहवा केली. वाहवा करायला गावाचं काय जातंय?

दुसऱ्या दिवाळीला साळूबाईनं सात लाख वीस हजारांचं पासबुक पुढं ठेवलं. तोवर तिला शेजारची कपबशी दिसेनाशी झाली होती, चौकटीला खांदा आपटत होता. आबांना सगळं दिसत होतं. दिसत असूनही ते म्हणाले, "डॉलर वाढलाय गं. नऊ लागतील."

हे लिहिताना माझाच हात त्यांच्यावर उगारावासा वाटतो. पण माणूस दुष्ट नव्हता. रोज सकाळी चहाला बसताना ठरवायचा, आज खरं सांगून टाकू. तेवढ्यात साळूबाई म्हणायची, "तुमच्या त्या हत्तीला सुळे किती लांब व्हतं वं?" आणि हा हात पसरून दाखवायचा. लाजेला दारूसारखीच रोज थोडी लागते.

या पौषात तिनं पाटल्या मोडल्या आणि नऊ लाख पुरे झाले. आता वहीत लिहायला काही उरलं नव्हतं. राहीलची वेळ घेतली, आणि त्याच दिवशी आधी मिरजेला तपासणी. डॉक्टरांनी तिच्या पुढं बोटं धरली. किती आहेत? साळूबाई पुढं झुकली आणि म्हणाली, "हात वर केलाय व्हय?"

उजेड-अंधार कळेल, बाकी आता नाही, असं डॉक्टर आबांना म्हणाले. हळू म्हणाले, पण ती शेजारीच बसली होती.

बाहेर आल्यावर आबांनी गावाकडची गाडी विचारली. ती म्हणाली, "न्हाई. सांगलीला चला. पोरगं वाट बघत आसंल."

राहीलनं खुर्च्या पुढं केल्या, चहा मागवला. नऊ लाख ऐकून तो चकित झाला. "नऊ कशाला, आबा? मी तर चार-ऐंशी सांगितले होते. आजही पाच लाख दहा हजारांच्या वर नाही. तेव्हाच आला असता तर काकी कधीच बघून आल्या असत्या."

आबांचं तोंड काळंठिक्कर पडलं. आता ही विचारील, आणि विचारावंच तिनं, असं त्यांना वाटलं.

साळूबाईनं आवाजाच्या दिशेला तोंड केलं. "त्येंनी राखीव धरलं व्हतं, बाळा. फौजेत दीडपट धरायची रीत हाय. परमुलखात हात पसरायला नको." मग हातातली पिशवी चाचपत तिनं विचारलं, "एकट्याचं किती?"

"एकट्याचं?"

"त्यास्नी धाडायचंय. मी येऊन काय करू?"

राहील खाली बघत म्हणाला, "एकट्याला निम्मे नाही पडत, काकी. खोली पुरी भरावी लागते. तीन-वीस होतील."

"मग लय उरत्यात की." ती आबांकडं वळली, खरं तर त्यांच्या आणि कपाटाच्या मधोमध. "तुमी जावा. समदं नीट बघा आन् येऊन मला सांगा. तुमी सांगाल त्येच आता माझं बघणं."

राहीलनं फॉर्म पुढं सारला आणि विषय बदलावा म्हणून विचारलं, "आबा, आधी तिकडं काय काय बघितलंय? म्हणजे यावेळी दुसरं दाखवू."

"काय न्हाई," आबा म्हणाले. वीस वर्षं घशात अडकलेलं एकदाचं बाहेर आलं. "काय बघितलं न्हाई मी. हत्ती न्हाई, काय न्हाई. साळू, खरंच सांगतोय. समदं खोटं व्हतं."

साळूबाई पदर तोंडाला लावून हसली. "बघ की, कशी चेष्टा करत्यात. माझ्या जिवाला लागू नये म्हणून म्हणत्यात, बाळा. आरं, हत्ती ह्येंच्या जीपला आडवा झाल्ता. चाळीस मिन्टं!"

"साळू, ऐक..."

"तुमी गप बसा. मला सांगू द्या." आणि ती सांगत सुटली, आबांच्याच शब्दांत, कुठं थांबायचं तिथं थांबत. सॅल्यूटची जागा आल्यावर ती खुर्चीतून उठली, टाचा जुळवल्या आणि समोरच्या कोऱ्या भिंतीला कपाळाशी हात नेऊन सलाम केला.

राहील हसला. आबांनी पेन उचललं आणि फॉर्मवर लिहिलं, प्रवासी एक.