पुढची सीट

यंदा मटारला भाव बरा लागला आणि ताकपाने फोर बाय फोर गाडी घ्यायचं ठरवलं. त्याने ठरवलं म्हणजे गावाने ठरवलं. स्पीतीतल्या त्या गावात कुणाच्या चुलीवर काय शिजतंय याचीही चर्चा गोम्पाच्या, म्हणजे मठाच्या, पायरीवर होते, तिथे गाडी कशी सुटणार? कुणी म्हणालं, छतावर मटारची पोती मावली पाहिजेत. कुणी म्हणालं, गावात दुरुस्त होईल अशीच घे. गावातले सगळ्यांत वयस्क आजोबा, मेमे लोबझांग, म्हणाले, "पांढरी नको रे बाबा. बर्फात हरवली तर शोधायची कुठे?"

ताकपाच्या बायकोची, यांगझोमची, अट मात्र एकच होती.

"गाडी कुठलीही घे. पुढची सीट माझी."

तिला मागे बसलं की मळमळायचं. नुसतं मळमळायचं नाही, पहिल्या वळणापासून शेवटच्या वळणापर्यंत तिचं डोकं प्लास्टिकच्या पिशवीत असायचं. आणि पुढे बसायला तर कधीच मिळायचं नाही, कारण पुढची सीट मानाची. बस असो की शेजाऱ्याची जीप, तिथे म्हातारी माणसं बसणार, भिक्खू बसणार, पाहुणे बसणार. घरची सून बसणार मागे, पोत्यांच्या शेजारी. यांगझोमचं माहेर पिन खोऱ्यात. लग्नाला अठरा वर्षं झाली, दरवर्षी ती माहेरी जात होती, आणि त्या वाटेवरचं तिने आजवर काय पाहिलं होतं म्हणाल तर पिशवीचा तळ. कुणी म्हणे, पिनची नदी काय सुंदर दिसते! ही म्हणे, असेल बाई, मी कधी भेटले नाही तिला. हसत म्हणायची, पण आत कुठेतरी दुखायचं. स्वतःच्या माहेरची वाट माणसाला ठाऊक नसावी म्हणजे काय?

गंमत अशी की ट्रॅक्टरवर तिला कधी मळमळलं नाही. ताकपाची कंबर धरते म्हणून मटारची पोती खालच्या रस्त्यापर्यंत तीच ट्रॅक्टरने नेत असे, वाटेतले ओढे ओलांडून. लायसन्सच्या वेळी साहेबांनी तिच्याकडून गाडीही चालवून घेतली होती आणि दोन्हींचं लायसन्स दिलं होतं. पण ट्रॅक्टरला कुणी गाडी म्हणत नाही आणि तो चालवणाऱ्या बाईला कुणी ड्रायव्हर म्हणत नाही.

ताकपाने देवघरातल्या दिव्यासमोर शब्द दिला. "पुढची सीट तुझी. खुद्द लामाजी आले तरी तुझी."

"लामाजींना मध्ये आणू नकोस," यांगझोम म्हणाली. "ते खरंच येतात."

काझाला पेट्रोल पंपापलीकडच्या मैदानात कुल्लूचा ठाकूर दर शरदात जुन्या गाड्या घेऊन उतरायचा. बोलण्यात पक्का, पण माणूस सरळ. "आपल्या रस्त्यावर चालवून बघा," तो म्हणाला. "इथे सपाटीवर काय, माझी खाटसुद्धा धावेल."

पहिली गाडी लालचुटूक, आतून गुळगुळीत, पुढे टीव्हीसारखा पडदा. यांगझोम ऐटीत पुढे बसली, पट्टा लावला, शालीच्या टोकाने पुसून काचही चकचकीत केली. पहिल्याच वळणावर मेमे लोबझांग काठी टेकत उभे. आता म्हाताऱ्या माणसाला वाटेत सोडून पुढे जायचं म्हणजे गावात तोंड दाखवायला नको. गाडी थांबली. मेमे दार उघडून उभे राहिले आणि इतकं गोड हसले की यांगझोम आपोआप खाली उतरली.

"बस हां पोरी मागे, तरुण हाडं आहेत तुझी," मेमे म्हणाले, आणि पडद्यावर बोट दाबून त्यांनी नको तितक्या मोठ्याने गाणं लावलं. चढावर गाडीचं पोट दगडाला असं घासलं की सगळ्यांनी आपापलं पोट धरलं. यांगझोमने पिशवी धरली.

"ही नको," मेमेंनी निकाल दिला. "ही पोटाने हलकी आहे. आपल्या सुनेसारखी."

दुसरी गाडी लांबलचक, नऊ जणांची. "हीच घे रे, सगळे मावतील," सगळं गाव म्हणालं, आणि त्यातच सगळं आलं. यांगझोम ताकपाला म्हणाली, "नऊ जागा म्हणजे तेरा माणसं, दोन मेंढ्या आणि गॅसचा सिलिंडर. घरच्यांना छतावर बसवशील का?" झालंही तसंच, फक्त मेंढी एकच होती. आणि पुढच्या सीटवर कोण? लामाजी! पूजेहून परतत होते, हात केला, "जुले, जुले" असा नमस्कार करत म्हणाले, "नव्या गाडीला आशीर्वाद देतो," आणि पुढे बसले. दिव्यासमोर शब्द दिलेला माणूस स्टिअरिंगवर बसून समोर बघत राहिला. त्याचे कान तेवढे लाल झाले होते. त्या लांबुडक्या गाडीला घाटातलं प्रत्येक वळण दोनदा मागे घेऊन घ्यावं लागलं, म्हणजे यांगझोमला प्रत्येक वळण तीनदा सोसावं लागलं.

घरी आल्यावर ती दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी थुकपा वाढता वाढता म्हणाली, "तिसरी गाडी माझ्या माहेरच्या रस्त्यावर चालवायची. तिथे चालली तर कुठेही चालेल. आणि वाटेत कुणी नाही."

"कुणी नाही," ताकपा म्हणाला.

तिसरी गाडी बुटकी, चौकोनी, खडबडीत. आत पडदा नाही, गाणं नाही. गियरच्या दांड्याशेजारी आणखी एक छोटा दांडा, चारही चाकांना जोर द्यायचा. सकाळी यांगझोम नवा अंगरखा घालून अंगणात आली आणि बघते तर तिच्या सासूबाई, ज्यांना सगळं गाव आबी म्हणे, पुढच्या सीटला पट्टा बांधतायत. सीटवर पिवळ्या रेशमात गुंडाळलेली भली थोरली पोथी. घरच्या वाचनासाठी पिनच्या गोम्पातून आणलेली, परत पोचवायची.

"आबी, मागे मांडीवर घेते ना मी," यांगझोम म्हणाली.

"तुझ्या त्या पिशवीशेजारी? पोथी?" आबींनी कानाला हात लावले. "आणि मी येतेय. मेमेही येतायत, त्यांना हवा बदलायची आहे."

आता माणसाशी भांडता येतं, लामाजींवर मनातल्या मनात रुसता येतं, पण पोथीशी काय भांडणार? यांगझोमने पोथीला कपाळ टेकवलं आणि मुकाट्याने मागे जाऊन बसली. तिचे डोळे भरून आले होते. पिशवी उघडायच्या निमित्ताने तिने तोंड लपवलं.

पिनच्या अर्ध्या वाटेवर ओढा आडवा आला. दुपारच्या उन्हाने वरचं बर्फ वितळून पाणी फुगलं होतं. ताकपा पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडून काठीने तळ चाचपायला उतरला. मेमे काठावरून ओरडायला उतरले. "डावीकडून घे!" "डावीकडे खड्डा आहे मेमे!" "मग उजवीकडून घे, मला काय विचारतोस!"

हवा घ्यायला यांगझोमही उतरली. तोंडावर थंड पाण्याचा हबका मारून तिने ओढ्याकडे पाहिलं. पाणी कुठे फेसाळतंय आणि कुठे पसरून वाहतंय, हे तिला बघताक्षणी कळलं. असे ओढे तिने मटारच्या पोत्यांसकट सगळा हंगामभर ओलांडले होते. मग तिने गाडीकडे पाहिलं. डावीकडे पोथी पट्टा लावून बसली होती. उजवीकडची सीट रिकामी होती.

एवढी साधी गोष्ट अठरा वर्षांत तिलाही सुचली नव्हती. पुढची सीट म्हणजे डावीकडची, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात. ती गाडीत चढली, सीटखालचा खटका ओढून सीट पुढे सरकवली. सीट अशी सरकली की पाय नेमके टेकले.

"अगं, ए! ही गाडी आहे, ट्रॅक्टर नव्हे!" ताकपा पाण्यातून ओरडला.

"म्हणूनच सोपी जाईल! बाजूला हो!"

"मेमे, बसा पटकन," आबी आतून म्हणाल्या. "बाई निघाली."

मेमे बसले. यांगझोमने छोटा दांडा मागे ओढला, आणि गाडी म्हशीसारखी सावकाश पाण्यात शिरली. न थांबता, न घाबरता ती पलीकडे निघाली. ताकपा राहिला मध्येच, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पाटलोण. तो कुडकुडत चालत आला तेव्हा बायको स्टिअरिंग सोडायला तयार नव्हती आणि पोथीला उठवायची कुणाची छाती नव्हती. तो मागे बसला. पुढच्या चार वळणांत त्याचा चेहरा मटारच्या रंगाचा झाला. यांगझोमने न बघता आपली पिशवी मागे दिली.

"अशी असते का ही मळमळ?" ताकपा कसाबसा म्हणाला.

"अशी असते," ती म्हणाली.

आणि मग तिने वाट पाहिली. नदी खरंच सुंदर होती, निळी आणि राखाडी, कधी एकच, कधी दहा फाटे फुटलेली. जांभळे कडे होते. गोम्पाशी थांबून पोथी पोचवली. आता डावी सीट रिकामी होती, पण तिकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटच्या वळणावर समोर तिचं गाव उघडलं आणि पहिल्यांदाच, लांबूनच, तिला माहेरचं घर दिसलं. छतावर कोणीतरी उभं होतं आणि दोन्ही हात हलवत होतं.

दारात गाडी थांबवून ती धावतच आत गेली. तिची आई, आमा, छतावरून शिडीने खाली उतरत होती.

"आमा, तू छतावर उभी होतीस! मला वळणावरून दिसलीस!"

"दरवर्षीच उभी असते की," आमा म्हणाली. "गाडीची धूळ दिसली की चढते. हात करते. तू कधी बघतच नाहीस. मला वाटायचं, चांगल्या घरी पडली, पोरगी मोठी झाली."

यांगझोमने आईला घट्ट धरलं. आमा म्हणाली, अगं, हाडं मोडतील, आणि तिनेही धरलं.

गाडी कुठली घ्यायची हे कुणी परत विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी निघताना मेमे सवयीने डाव्या सीटवर बसले, आबी आणि ताकपा मागे. यांगझोमने घर दिसणाऱ्या त्या वळणावर गाडी बाजूला घेतली, खाली उतरली आणि गावाकडे तोंड करून दोन्ही हात हलवू लागली. लांब छतावर एक छोटा ठिपका हात हलवत होता.

बऱ्याच वेळाने आबींनी काच खाली केली. "किती हलवशील ग?"

"अठरा वर्षांचं राहिलंय, आबी."

आबींनी आपलाही हात खिडकीबाहेर काढला.