नोंदवहीतली आत्या

बारकीला आत्या नव्हती. ही गोष्ट बालगृहातल्या सगळ्या मुलींना, स्वयंपाकिणीला आणि रखवालदारालाही ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त सरकारच्या आधार कक्षाला, आणि बारकीला वसतिगृहात खाट द्यायची की नाही ते आधार कक्ष ठरवणार होता.

चार नंबरच्या टेबलामागच्या मॅडमनी फाईल फिरवून तिच्यासमोर धरली आणि पेन्सिलीच्या टोकाने नोंदी दाखवल्या. सहा वर्षं, सहा उन्हाळे आणि सहाही वेळा तेच वाक्य : सुट्टीसाठी नातेवाइकाकडे रवाना, नाते आत्या. खाली पत्ता, शेजारी अधीक्षक बाईंची ठसठशीत सही. बालगृहातून बाहेर पडलेल्या मुलींसाठी शहरात जे वसतिगृह होतं, तिथली खाट ज्यांना सांभाळणारं कोणी नाही अशांनाच मिळायची. मॅडम खडूस नव्हत्या. इतक्या मायेची आत्या प्रत्येकीला नसते, असं त्यांनी मनापासून म्हटलं.

बारकीने सांगितलं की आत्या नाही, कधीच नव्हती.

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. "हे माझ्यासमोर परत बोलू नकोस," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "नोंद खोटी आहे असं तू म्हणालीस की मला ते लिहावं लागेल. लिहिलं की चौकशी लागेल. चौकशी म्हणजे सहा महिने. आणि यादी शुक्रवारी बंद होते."

तो मंगळवार होता.

नोंद खोटी होती आणि ती कशी खोटी झाली हे बारकीला पुरतं माहीत होतं. उन्हाळ्यात बालगृहाचं स्वयंपाकघर महिनाभर बंद राहायचं. ज्यांचं कोणी होतं त्या मुली घरी जायच्या. ज्यांचं कोणीच नव्हतं त्यांना नियमाप्रमाणे शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या संस्थेत पाठवायचं असे. तिथे पोलिसांनी पकडून आणलेली मुलंही असत. बाईंनी पहिल्या वर्षी दोन मुलींना तिथे सोडलं होतं. महिन्याने आणायला गेल्या तेव्हा त्यातली एक पुढचे कित्येक दिवस कोणाशी अवाक्षर बोलली नाही. पुढच्या उन्हाळ्यापासून बाईंच्या नोंदवहीत नातेवाईक उगवायला लागले. कोणाला मामा, कोणाला आजोबा, बारकीला आत्या. या सगळ्या गोतावळ्याचा पत्ता मात्र एकच होता : बाईंच्या धाकट्या बहिणीचं घर. दोन खोल्या, त्यात एक शिलाई मशीन आणि चार-पाच मुली. तपासणीला येणाऱ्या एकाही अधिकाऱ्याच्या हे कधी लक्षात आलं नाही, कारण कोणत्याही मुलीची तक्रार नव्हती आणि कागद जिथल्या तिथे होते.

बाई दोन वर्षांपूर्वी वारल्या. या मुली एक दिवस अठरा वर्षांच्या होतील, एवढा एकच हिशेब त्यांच्याकडून राहून गेला होता.

मॅडमनी ड्रॉवरमधून सात नंबरचा नमुना काढला. नातेवाईक असेल तर त्याने लिहून द्यायचं की आपण मुलीला सांभाळू शकत नाही. मग खाट मिळते. एखादा कागद खराब झाला तर असू दे, म्हणून त्यांनी दोन प्रती दिल्या आणि कारणाच्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथे 'आर्थिक परिस्थिती' लिहायला सांग. सगळे तेच लिहितात."

बारकी दोन्ही प्रती वहीत घालून बाहेर आली. बारकी हे नाव तिला तिसरीत पडलं होतं. आता उंचीमुळे तिला दारातून जाताना मान वाकवावी लागायची, पण नाव काही सुटलं नव्हतं. ती कवळ्या बनवायच्या अभ्यासक्रमाला होती. प्लास्टरच्या साच्यात मेणाचे दात बसवायचे, समोरच्या दाताचा बाक अर्ध्या मिलिमीटरने चुकला तर शिक्षक पूर्ण पंगत उखडून परत लावायला सांगायचे. तिची पंगत सहसा उखडावी लागत नसे. गेले तीन आठवडे ती वर्गातल्या एका मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर झोपत होती आणि मैत्रिणीच्या घरमालकिणीने रविवारची मुदत दिली होती. वसतिगृह प्रयोगशाळेपासून चालत दहा मिनिटांवर. खाट मिळाली नाही तर अभ्यासक्रम सोडायचा, यापलीकडे कितीही डोकं चालवलं तरी दुसरं काही निघत नव्हतं.

बुधवारी तिने प्रयोगशाळेला दांडी मारली आणि चार तासांची बस पकडली.

बाईंच्या बहिणीला मुली काकू म्हणायच्या. काकूंनी दार उघडलं, गळ्यातली टेप काढली आणि कशी आहेस वगैरे न विचारता तिचे खांदे मोजले. वाळलीस, हा निकाल त्यांनी टेप बघून दिला. मग चहा टाकला, गुडघ्यांना शिव्या घातल्या, आणि समोरच्या दुकानदाराच्या पँटची कंबर तिसऱ्यांदा सैल करायची वेळ आली आहे, पुढच्या वेळी पँटऐवजी तंबूच शिवून देते, हेही सांगून टाकलं. बारकीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग सातचा नमुना मशीनवर ठेवला.

आत्याची हकीकत ऐकून काकू आधी हसल्या.

"म्हणजे मी तुझ्या बापाची बहीण? आणि तुझ्याबरोबर सुट्टीला यायची त्या दातपडक्या पोरीची कोण?"

"तिची आजी."

"आमची ताई. मला न विचारता आजी करून मोकळी झाली."

मग त्यांनी चष्मा लावून नमुना वाचला. एकदा वाचला, परत वाचला. सदर मुलीची जबाबदारी घेण्यास मी असमर्थ आहे. त्यांनी कागद मशीनवर ठेवला आणि कापडावरची सुरकुती काढावी तसा हाताने सपाट केला.

"मी हे नाही लिहिणार."

बारकीने समजावलं. हा नुसता कागद आहे, कोणी वाचत नाही, फाईलला लागतो आणि तिथेच पिवळा पडतो. काकूंचं उत्तर तयार होतं : कोणी वाचत नाही तर मग त्यावर खरं लिहायला काय हरकत आहे? बारकी म्हणाली की खरं लिहिलं तर बाईंच्या नावाने चौकशी लागेल. मेलेल्या बहिणीला त्यात ओढायचं नाही, हे काकूंनाही पटलं. पण आपण हिला सांभाळू शकत नाही असं आपल्या हाताने लिहायचं, ते मात्र काही केल्या पटेना. शेवटी त्या म्हणाल्या, इथेच ये की राहायला. मशीन आहे, गिऱ्हाईक आहे, माझे गुडघे गेलेत, शिवणकाम शिक.

बारकीला कळलं की ही गोष्ट काकूंना आत्ता सुचलेली नाही. खोलीत दुसरी खुर्ची कोणाच्या तरी येण्याच्या बेताने पुसून ठेवलेली होती.

"मला कवळ्या करायच्यात, काकू," ती म्हणाली. "मला ते येतं."

"शिवणही येईल."

"येईल. पण मला ते करायचं नाहीये."

काकूंनी चष्मा काढला. पदराने पुसून परत लावला. मग काकूंनी पेन घेतलं, 'असमर्थ' या शब्दावर आडवी रेघ मारली, आणि कागद पालटून मागच्या बाजूला लिहायला लागल्या. लिहून झाल्यावर पूर्ण नावाची सही केली, कागदाची चौकोनी घडी घातली आणि बारकीच्या हातात दिली. जा, म्हणाल्या, हे दाखव, बघू कसे खाट देत नाहीत ते.

बसथांब्यावर बारकीने घडी उघडली. ही मुलगी आमची आहे, माझं घर लांब आहे आणि तिचं शिक्षण तिकडे आहे, म्हणून तिला तिकडे खाट द्यावी, असं काकूंनी लिहिलं होतं.

तिला कागद चुरगाळून टाकावासा वाटला. आधार कक्षाच्या दृष्टीने यापेक्षा वाईट कागद जगात दुसरा नसेल. आजवर आत्या फक्त नोंदवहीत होती. आता तिने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून दिलं होतं की मुलगी आमची. अठरा वर्षांत असं लिहून द्यायला कोणी पुढे आलं नव्हतं आणि आलं ते नेमकं आज, जेव्हा असं कोणी नाही हेच तिला सिद्ध करायचं होतं. तिला काकूंचा राग आला, बाईंचा आला, नमुना छापणाऱ्याचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण ते वाक्य ती परत परत वाचत होती आणि त्यासाठी आज तिच्याकडे वेळ नव्हता.

बसला अजून पाऊण तास होता. तिने बाकावर वही ठेवली, वहीवर दुसरी, कोरी प्रत ठेवली आणि काकूंची सही शेजारी उघडी धरली. पहिलं अक्षर गोल, मधे एक गाठ, शेवटी वर जाणारी रेघ. दाताचा बाक जसा बघायचा तशी तिने ती बघितली, वहीच्या मागच्या पानावर चार वेळा काढली आणि पाचव्यांदा नमुन्यावर केली. कारणाच्या रकान्यात तिने आर्थिक परिस्थिती असं लिहिलं. काकूंचा कागद घडी करून आतल्या खिशात ठेवला.

गुरुवारी सकाळी मॅडमनी शिक्का मारला. त्यांनाही बरं वाटलेलं दिसलं. बघ, किती सोपं होतं, असं म्हणत त्यांनी खाट क्रमांक चौदाचं पत्र तिच्या हातात दिलं. बारकीने आभार मानले. ती उठतच होती, तेवढ्यात मॅडम दुसरा एक कागद लिफाफ्यात घालताना दिसल्या. लिफाफ्यावर काकूंचा पत्ता होता.

हे काय, असं तिने विचारलं. नातेवाइकाला प्रत जाते, मॅडम म्हणाल्या, रजिस्टर पोस्टाने, आज दुपारीच. आपण सदर मुलीची जबाबदारी नाकारल्यामुळे तिला शासकीय आधार मंजूर करण्यात येत आहे. सहीची पोचपावती परत आली की फाईल पूर्ण. आणि पत्र घेतलंच नाही तर, असं बारकीने विचारलं. मग फाईल परत उघडते. नाही पाठवलं तर चालणार नाही का? नाही चालणार. मी स्वतः नेऊन दिलं तर? मॅडमनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि नाही, एवढंच म्हणाल्या.

बारकी जिन्यात आली. तिने फोन लावला. पलीकडे मशीन चालू होतं. तिने सगळं एका दमात सांगून टाकलं, मधे थांबले तर पुन्हा बोलवणार नाही या धास्तीने. मशीन कधी बंद पडलं ते तिला कळलं नाही.

"माझी सही तू केलीस," काकू म्हणाल्या.

"हो."

"मी नाही म्हटल्यावर."

"हो."

"कारण काय लिहिलंस?"

बारकीने सांगितलं.

"पाच-पाच पोरी जेवल्या माझ्याकडे. तुझ्या पानात कधी कमी पडलं?"

"नाही, काकू."

"मग गुडघे लिहायचे होतेस. गुडघे तरी खरे आहेत."

बारकीला हसू आलं नाही, आणि काकूंनी ते हसण्यासाठी म्हटलंही नव्हतं. ती जिन्याच्या कठड्याचा उडालेला रंग नखाने सोलत राहिली. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढली. पत्र परत पाठवू नका, एवढंच तिला म्हणायचं होतं, आणि ते तिला म्हणता येईना.

"शेवटची रेघ कशी काढलीस?" काकूंनी विचारलं.

"वर नेली. तुम्ही नेता तशी."

"उगाच नमुन्यावर एक आणि पोचपावतीवर दुसरी, अशा दोन तऱ्हेच्या सह्या नकोत," काकू म्हणाल्या. "घेईन मी पत्र. पण आता दोन महिने मला फोन करू नकोस. मला बोलवणार नाही तुझ्याशी."

फोन बंद झाला. बारकी खाली उतरायला लागली तेवढ्यात मॅडमनी वरून हाक मारली : नमुन्यावर नातेवाइकाचा फोन नंबर भरायचा राहिला आहे. ती परत वर गेली, टेबलावर वाकली आणि दहा आकडे न थांबता लिहिले.

"पाठ आहे वाटतं," मॅडम म्हणाल्या.

"हो," बारकी म्हणाली, आणि पेन परत दिलं.