म्हाताऱ्याचा कौल

"राम राम, बाबा," अनंता म्हणाला आणि वाकून म्हाताऱ्याच्या पाया पडला.

परक्या घरात शिरलं की आधी वडीलधाऱ्यांना नमस्कार, मग टेकायचं, ही अनंताच्या गावची, चिखलोलीची रीत. घर बांबूचं असो, गवती छपराचं असो, इंडोनेशियातल्या कुठल्याशा बेटावर असो, रीत ती रीत. म्हातारा कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. डोक्यापासून पावलांपर्यंत जाड विणलेल्या कापडांत गुंडाळलेला. एकावर एक अशी सात-आठ कापडं तरी असतील. तापानं हुडहुडी भरली असेल बिचाऱ्याला, असं अनंताला वाटलं. दारात मिळालेल्या पानसुपारीतली अर्धी त्यानं म्हाताऱ्यापुढे ठेवली आणि "घ्या" म्हणाला.

चुलीपाशी बसलेली म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. मग ती उठली आणि अनंताला हाताला धरून तिनं म्हाताऱ्याच्या शेजारी बसवलं.

"काका," धर्मेश त्याच्या कानाशी लागला, "तो मेलेला हाय."

"कवा?"

"दोन वर्सं झाली."

अनंतानं उठावं म्हटलं, तर म्हातारीनं हात सोडला नव्हता.

अनंता भोईरचं अंबरनाथ पूर्वेला मोटार रिवाइंडिंगचं दुकान. आनंदनगरच्या कारखान्यांचे पंप दुरुस्त करण्यात त्याची तीस वर्षं गेली. कुठलीही बंद मोटार याच्या हाताखाली आली की पाणी ओढायला लागायची, याचा त्याला कोण अभिमान! पण आता दोन हजार सात साल उजाडलं होतं आणि कारखानेवाले जळलेली मोटार फेकून नवी आणत होते. दुकानात दिवस-दिवस माशी फिरकत नव्हती. अशात चुलत पुतण्या धर्मेश आला. चार वर्षांपूर्वी हा पोरगा फटफटीवरून प्लॉट दाखवत हिंडायचा, आता कार्डावर 'डेव्हलपर' छापतो. उल्हासनगरच्या एका कापडवाल्या शेठचे भाऊबंद जकार्तात होते, त्यांच्याबरोबर त्याला बेटावर रिसॉर्ट काढायचं होतं. तिथं गोडं पाणी लागतं का, हे बघायला भरवशाचा पंपवाला हवा होता. काम झालं तर बदलापूरच्या त्याच्या सगळ्या बिल्डिंगांचे पंप कायमचे अनंताकडे. चहूकडे समुद्र आणि प्यायच्या पाण्याची बोंब, म्हणजे आपल्या सोसायटीसारखंच, असं हसत हसत सांगत अनंतानं पन्नाशीनंतर पहिला पासपोर्ट काढला होता.

त्या भाऊबंदांच्या जकार्तातल्या दुकानातला भगवानदास दुभाषा म्हणून बरोबर होता. उल्हासनगरातच जन्मलेला, चार भाषांची खिचडी करून बोलणारा. त्यानं बाहेर आल्यावर सगळा घोळ उलगडला.

"देखो काका, यहाँ जब तक दफनाया नहीं, तब तक आदमी बीमार गिनते हैं. उसको खाना देंगे, सुपारी देंगे. दफनाने को पचास भैंसा चाहिए. भैंसा कहाँ से आएगा? जमीन बेचके. और जमीन है बुढ्ढे के नाम पे."

"मंग पोरं सही करतील."

"बाप बीमार है, मरा नहीं. तो बेटे कैसे करेंगे? अंगूठा उसी का चाहिए. और अंगूठा लेने से पहले उसको पूछना पड़ता है."

विचारायची पद्धत अशी की कुळाबाहेरच्या माणसानं कापडाच्या आत हात घालून म्हाताऱ्याच्या तळहातावर सुपारी ठेवायची. टिकली तर होकार, गळली तर नकार. आपल्याकडे गावदेवीला कौल लावतात, त्यातलाच प्रकार. आजवर आलेल्या एकाही दलालाला म्हातारीनं जवळ येऊ दिलं नव्हतं. ते सगळे म्हाताऱ्याकडे मढं म्हणून बघायचे. हा पहिला, ज्यानं त्याला माणूस समजून सुपारी दिली. यालाच विचारू द्या, असं ती म्हणाली होती.

धर्मेश काकाला उतारावर घेऊन गेला. खाली नारळीची बाग, पांढरी वाळू, निळंशार पाणी, आणि मध्येच मोठ्या शिळा टाकलेली गावाची थडगी.

"पंदरा वर्सांपूर्वी चिखलोली काय होती, सांगा? नुसता चिखल. इथं पन रोड येल, विमान येल. आज घेतली तर घेतली."

"आनि ती म्हातारी कुटं जाल?"

"देऊ ना तिला खोली, तुमच्या आयसला दिली तशी." धर्मेशनं आवाज खाली आणला. "काका, सुपारी गळली तरी ऱ्हायली बोला. कापडाच्या आत कोन बघतंय? आनि अंगठा उठवायला तुमचा हात बसलेला हाय."

म्हणजे पंप हे नुसतं निमित्त होतं, हे आता अनंताला कळलं.

त्याचा बाप नाथा तेरा वर्षांपूर्वी उल्हासनगरच्या एका दवाखान्यात सकाळी वारला. जमिनीचा कागद तयार होता, बिल्डरचा माणूस जिन्यात उभा होता आणि भाऊ दाराशी राखणीला. अनंता थोरला. बापाची बोटं वळत नव्हती म्हणून त्यानं चहाचा गरम पेला अंगठ्याला लावून धरला, मग शाई लावली. ठसा सुरेख उठला. बापानं आदल्या रात्री शुद्धीत असताना अंगठा दिला, असं ठमाबाईला, त्याच्या आईला, सांगितलं. त्या भातशेतीवर आता चार मजले उभे आहेत आणि तिसऱ्यावर अनंताचं बिऱ्हाड. धर्मेश तेव्हा हाफ चड्डीत होता. घरात कुणीतरी बोललं असणार. अनंताला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

दुपारी सगळं घर भरलं. म्हातारीनं कापडाची कड उचलली. अनंतानं हात आत घातला. आत चुन्याचा आणि सुक्या तंबाखूचा वास कोंडला होता. चाचपडत त्याला हात सापडला, वाळलेल्या शेंगेसारखा हलका. तळवा उघडाच होता. त्यानं त्यावर सुपारी ठेवली. कुठल्या भाषेत विचारायचं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. तोंडातून आपली घरचीच बोली निघाली.

"बाबा, जमीन देताव कं?"

सुपारी टिकली. अनंतानं सुटकेचा श्वास सोडला. खोटं बोलायची वेळच आली नाही. हात काढून घ्यावा म्हणून त्यानं बोटं मागे घेतली, तेवढ्यात ती सुपारी त्याच्याच तळहातात आली.

गळली नाही, घरंगळली नाही. म्हाताऱ्याची बोटं हलली नाहीत, हे तो आजही शपथेवर सांगतो. पण देणाऱ्यानं नीट मोजूनमापून द्यावी, तशी ती परत आली. त्यानं घाबरत पुन्हा ठेवली, पुन्हा तेच विचारलं. सुपारी पुन्हा परत आली, आणि या वेळी त्याच्या अंगठ्यावर वरून एक अंगठा येऊन टेकला. दाबला गेला. थोडा वेळ तसाच राहिला.

तो अंगठा गरम होता.

"ऱ्हायली ना, काका?" धर्मेशनं विचारलं. त्याच्या हातात शाईचं पॅड तयार होतं.

बदलापूरचे पंप, दुकानाचं शटर, घरी बसलेली बायको, सगळं अनंताच्या डोळ्यांपुढून गेलं. आणि समोर म्हातारी, त्याच्या तोंडाकडे बघत.

"नाय," तो म्हणाला. "परत केली."

भगवानदासनं भाषांतर करायच्या आधीच म्हातारीला ते कळलं. तिनं कापडाची कड खाली सोडली, नीट खोचली आणि नवऱ्याशी हळू आवाजात काहीतरी बोलू लागली. मुलं मान खाली घालून बाहेर गेली. परतीच्या वाटेवर बोटीत, तीन विमानांत आणि रिक्षात धर्मेश काकाकडे पाठ करूनच बसला. आठवड्याभरात बदलापूरचं काम दुसऱ्याला गेल्याचं अनंताला कळलं. त्यानं दुकान भाड्यानं दिलं आणि आनंदनगरला एका कारखान्यात वॉचमनची नोकरी धरली.

ठमाबाई तिसऱ्या मजल्यावर चटईवर बसून तांदूळ निवडत होती. ऐंशी गाठलेली, पण कान तिखट. विमान कसं होतं, समुद्र केवढा होता, हे तिनं एका शब्दानं विचारलं नव्हतं. नोकरीचं कळलं, तसं तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हातारा, म्हातारी, सुपारी, अंगठा.

"नको बोलला म्हनजे," ती म्हणाली.

"हां."

तांदळातला खडा तिनं बाजूला काढला.

"आनि तुजा बापूस काय बोललेला?"

तेरा वर्षं अनंताजवळ जे उत्तर तयार होतं, ते तोंडाशी आलं आणि तिथंच अडलं.

"त्याला मी इचारलंच नाय, आये."

ठमाबाई रडली नाही, रागावलीही नाही. तिनं सूप उचलून पलीकडे ठेवलं आणि हात टेकत टेकत, चटईवर एक माणूस बसेल एवढी बाजूला सरकली.

"मंग आता इचार त्याला," ती म्हणाली.

अनंता त्या मोकळ्या जागेच्या शेजारी खाली बसला.