भिंगमास्तरांचा कॅमेरा

भिंगमास्तरांचं बोलणं बंद झालं आणि त्यांच्याबद्दलचं बोलणं वाढलं. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. उजवं अंग लुळं, वाचा गेलेली. ती परत येईल अशी आशा धरू नका, असं डॉक्टरांनी थोरल्या लेकीला बाजूला घेऊन सांगितलं.

मास्तरांची उभी हयात कॅमेऱ्याच्या कारखान्यात गेली. डोळा लावायच्या खिडकीत दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसवून अंतर साधायचं, अशा जातीच्या एका नव्या कॅमेऱ्याचा पहिला नमुना त्यांनी स्वतःच्या हातांनी घडवला होता. तो बाजारात यायच्या आतच कारखान्याला टाळं लागलं आणि मालकाने नमुना मास्तरांनाच देऊन टाकला. जगात तेवढा एकच. "हे तुमचं तिसरं अपत्य," असं आई असेपर्यंत म्हणायची. "ते निदान उलट बोलत नाही," मास्तर म्हणायचे.

धाकट्याने इस्पितळातच विषय काढला. "ताई, लिलाववाले मागे लागलेत. आता बाबांना त्याचा काय उपयोग?"

थोरलीने पलंगाकडे पाहिलं. मास्तर छताकडे डोळे लावून पडले होते. "हळू बोल," ती म्हणाली. पण 'नको' म्हणाली नाही. तशी पैशाची काही नड नव्हती. उद्या आपली मुलं ती वस्तू मोडीत घालतील, त्यापेक्षा हे बरं, अशी तिने मनाची समजूत घातली.

लिलावात बोली चढत गेली. हातोडा पडला तेव्हा सभागृहात टाळ्या वाजल्या. तिनेही वाजवल्या, आणि मग दोन्ही हात मांडीखाली दडपून बसून राहिली.

डॉक्टरांचं भाकीत खोटं ठरलं. घरी आल्यावर मास्तरांची जीभ हळूहळू वळू लागली, आधाराने चार पावलंही पडू लागली. एका सकाळी थोरली त्यांची दाढी करत होती.

"कॅमेरा... आण."

तिचा हात थबकला. "दुरुस्तीला दिलाय, बाबा."

मास्तर अर्ध्या तोंडाने हसले. "माझ्याशिवाय... कोण उघडणार तो?"

त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागेना. कॅमेरा घेणाऱ्या संग्राहकाला तिने फोन केला, गयावया केली. माणूस भला होता. "परत देणार नाही," तो म्हणाला, "पण त्यांना घेऊन या. केव्हाही."

म्हणजे आता सांगणं आलं. संध्याकाळी ती बापाच्या पायांशी बसली आणि सगळं ओकून मोकळी झाली. "चुकले मी, बाबा."

"माहीत आहे. माझ्या उशाशीच... ठरवलंत ना? कान शाबूत होते."

"मग त्या दिवशी मागितलात कशाला?"

"तू काय सांगतेस... ते बघायला."

मास्तर ओरडले असते तर तिला सोसलं असतं. त्यांनी नुसती कूस बदलली.

पण संग्राहकाकडे ते आले. डाव्या हाताने कॅमेरा डोळ्याला लावला, भिंगाचं कडं फिरवायला त्या माणसाची मदत घेतली, आणि अडखळत का होईना, त्याला आतलं सगळं यंत्र समजावून सांगितलं. दोघं खूप हसले. थोरली दाराशी पाहुण्यासारखी उभी होती.

निघाल्यावर जिन्यात तिने हात पुढे केला. मास्तरांनी कठडा धरला. तोल गेलाच तर सावरता यावं म्हणून ती एक पायरी खाली, त्यांच्याकडे तोंड करून, उलटी उतरत राहिली.