सुगुणनची चाल

अंबुजाक्षनला अख्खा केरळ डोक्यावर घेऊन नाचतो, नाचू दे. मी नाचणार नाही. त्याच्या सिनेमातल्या पंचवीस वर्षांचा सत्कार करायचं आमच्या गावच्या वाचनालयाने ठरवलं आणि सेक्रेटरी निमंत्रण घेऊन आला, तेव्हा मी त्याला अंगणातच उभा केला. म्हटलं, एकट्याचा कशाला करताय, गावाचाच करा. त्याच्या एकेका बक्षिसाखाली आमच्यातला एकेक माणूस पुरलाय. सेक्रेटरी हसला आणि गेला. विलासिनीचेच्चीची जीभ म्हणजे हिरवी मिरची, हे गावाला पाठ आहे. थोरली बहीण म्हणून सगळे चेच्ची म्हणतात, पण घाबरतात जिभेलाच.

मी ऐकीव सांगत नाही हो. आमच्या नाटक मंडळीत मी नायिका होते तेव्हा हा पडदा ओढायचा. देवळाच्या उत्सवात त्याला पहिली भूमिका मिळाली पोलिसाची, आणि दोन वाक्यं होतायत न होतायत तोच लोकांनी कू केलं, हुर्यो उडवली. आमच्याकडे टाळ्या नाही पडल्या तरी निभतं, पण मैदानातून एकदा कू उठलं की नटाचं पाणी पाणी होतं. मोठमोठे सिनेमे पहिल्या खेळाच्या कूने आडवे झालेत. अंबु विंगेत येऊन लहान पोरासारखा रडला. मी म्हटलं, अरे, स्वतःच्या मनाने काही करायला जाऊ नकोस, तुझ्या मनात काही नाहीच आहे. बघितलेलं कर. मेल्याने ते असं मनावर घेतलं की विचारू नका.

ताडीच्या दुकानातला पाप्पी पहिला घोट घ्यायच्या आधी ग्लासात बोट बुडवून जमिनीवर शिंतडायचा, तो अंबुचा दारुडा झाला. त्याला राज्याचं बक्षीस. आमच्या शाळेचे हेडमास्तर मारायच्या आधी चष्मा पुसायचे, त्यांचा अंबुने खलनायक केला, आणि मास्तर निवृत्त होईपर्यंत पोरं त्यांना बघून चष्मे पुसत राहिली. आमची आई गेली तेव्हा मी रडलेच नाही, तिच्या अंगावरच्या पांढऱ्या कापडाच्या चुण्या सारख्या करत बसले होते. अंबु दारात उभा होता. पुढे एका सिनेमात तो बायकोच्या प्रेताशी बसून अगदी तश्शाच चुण्या सारख्या करतो. सगळं थिएटर हुंदके देत होतं. माझं दुःख मी तिकीट काढून बघितलं. पण तेव्हाही मी गप्प बसले. गेलेलं माणूस गेलं, त्याचं काय जातंय, म्हटलं.

सुगुणन मात्र जिवंत आहे.

सुगुणन माझा धाकटा भाऊ. लहानपणी पोलिओने डावा पाय गेला. चालताना तो मांडीवर तळवा दाबतो, पाय जरा बाहेरून फिरवून आणतो, आणि मग कंबर त्याच्या मागून येते. चारचौघांत बोलताना हनुवटी वर जाते, श्वास अडकतो आणि शेवटचा शब्द दोनदा येतो. घरात माझ्याशी बोलताना तसं काही होत नाही, सरळ बोलतो, वर टोमणेही मारतो. गळ्यात तिकिटांची फळी अडकवून तो बस स्टँडवर लॉटरी विकायचा. “उद्याचा निकाल... निकाल” ही त्याची हाक लांबूनच ओळखू यायची. कोणी हसायचं, कोणी चिडवायचं, पण तो तोंडाने भांडून पुरा पडायचा. माझाच भाऊ.

मग एका वर्षी अंबु आला. शहरात जीव घुसमटतो, म्हणाला, चार दिवस तुमच्या ओसरीवर पडू द्या. मला आनंद झाला. हो, झाला, खोटं कशाला बोलू? उकडलेला कप्पा म्हणजे टॅपिओकाचे कंद, माशाचं लालभडक कालवण, सकाळी काळा चहा, सगळं मी माझ्या हाताने वाढलं. सुगुणनला तो गाडीत बसवून फिरवायचा. संध्याकाळी दोघं ओसरीवर, आणि अंबु म्हणायचा, सुगुणा, परत सांग ना तो किस्सा. हा सांगायचा. मला वाटलं, एवढा मोठा झाला पण जुनी माया विसरला नाही. माया कसली डोंबलाची! बगळा पाण्याशी उभा राहतो तो काही तळ्याच्या मायेने नव्हे.

पुढच्या ओणमला तो लॉटरीवाल्याचा सिनेमा लागला. अंबु त्यात कुंजाप्पू. मांडीवर तळवा, पाय बाहेरून, कंबर मागून. हनुवटी वर, शेवटचा शब्द दोनदा. सुगुणन माझ्या शेजारच्या खुर्चीत होता. थिएटर हसत होतं, मध्यंतरानंतर रडत होतं, शेवटी उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मी बाजूला बघितलं तर माझ्या भावाने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

त्या कुंजाप्पूला दिल्लीचं बक्षीस मिळालं आणि आमच्या घरावर संकट आलं. आधी गंमत म्हणून लोक तिकिटं घ्यायचे आणि म्हणायचे, कुंजाप्पूचं ते वाक्य म्हण रे. मग त्याला थोरला भाऊ म्हणून चेट्टन म्हणणारे परगावचे लोक म्हणायला लागले, वा, अंबुचेट्टनचा डुप्लिकेट! शाळेतली मुलं स्टँडवरून तशीच लंगडत जायची, आणि ती मुलं याला हसत नव्हती बरं, ती अंबुची नक्कल करत होती. बसमध्ये चढताना कंडक्टर म्हणाला, नाटक पुरे, चढ लवकर. अपंगांच्या दाखल्याच्या शिबिरात एक कोवळा डॉक्टर होता. सुगुणन दारातून टेबलापर्यंत चालत गेला. डॉक्टर हसत म्हणाला, छान जमलंय, आता नीट चालून दाखव.

त्यानंतर सुगुणनने बाहेर बोलणं बंद केलं. गळ्यात फळीबरोबर एक छोटा स्पीकर आला, त्यात कुठल्याशा बाईच्या आवाजात हाक भरलेली. हा आपला मुकाट उभा. चालायला नको म्हणून सकाळपासून एकाच खांबाला टेकून राहायचा. घरी येऊन माझ्याशी बोले, पण बोलणंही आटत चाललं होतं. म्हणून मला एकच हवं होतं. अंबुने गावासमोर, माइकवर, एक वाक्य बोलावं: ही चाल आणि ही बोली सुगुणनची आहे, मी ती त्याच्याकडून घेतली. बस. बाकी त्याचे हार-तुरे त्याला लखलाभ.

सत्काराच्या दिवशी दुपारीच मी शाळेत गेले, तिथे त्याला उतरवला होता. मला बघून उठला, वाकला, चेच्ची चेच्ची करत खुर्ची दिली. मी बसले नाही. उभ्यानेच काय ते सांगितलं, डॉक्टरचं सांगितलं, स्पीकरचं सांगितलं. त्याने माझा हात हातात घेतला.

“चेच्ची, हे सांगायला लागतं का? मी स्टेजवर सुगुणनला बोलावणारच आहे. त्याच्यासाठीच तर आलोय.”

मी विश्वास ठेवला. घरी येऊन सुगुणनला इस्त्रीचं मुंडू नेसवलं, कपाळाला चंदन लावलं. तो येत नव्हता. मी ओढत नेला म्हणा ना.

मैदान खच्चून भरलं होतं. फॅन्स असोसिएशनवाल्यांनी अंबुचं माडाएवढं चित्र उभं करून त्यावर दूध ओतलं होतं, त्यावर माश्या बसल्या होत्या. भाषणं झाली. मग अंबु उठला. मातीबद्दल बोलला, आईबद्दल बोलला, नाटक मंडळीबद्दल बोलला, त्यात माझं नाव नव्हतं. नसू दे. मी वाट बघत होते ती वेगळ्याच नावाची. आणि आलं. सुगुणन, वर ये, म्हणाला. माझा भाऊ पायऱ्या चढला. अंबुने स्वतःच्या हाताने त्याच्या खांद्यावर जरीची शाल घातली आणि माइक जवळ ओढला.

“हा सुगुणन. माझे चाहते लाखो असतील, पण असा नाही. याने कुंजाप्पू नुसता पाहिला नाही, अंगात भिनवून घेतला. बघा कसा चालतो. कलावंताला याहून मोठं बक्षीस कोणतं?”

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. मला वाटलं होतं, चोराच्या उलट्या बोंबा आहेत. तसं असतं तरी परवडलं असतं. तो खोटं बोलतच नव्हता. डोळे भरून आले होते त्याचे. ओसरी, कप्पा, गाडीतल्या चकरा, सगळं खाऊन, पचवून, विसरून बसला होता मेला.

लोक ओरडले, दोघं चाला, दोघं चाला. अंबुने मांडीवर तळवा ठेवला आणि निघाला. त्याच्या मागून माझा भाऊ. मैदान टाळ्यांनी फुटायला आलं. माझी कानशिलं तापली. मी स्टेजवर कशी चढले मला कळलं नाही. चौदा गावांच्या मैदानांवर बोललेली बाई मी, मला माइकची काय भीती? अंबुच्या पुढ्यातून माइक ओढला आणि सांगितलं सगळं. हा माणूस माझ्या घरी जेवला. माझ्या भावाचा पाय बघत जेवला. याच्याकडे स्वतःचं काही नाही, हा आपल्या सगळ्यांच्या अंगावरचं ओरबाडून मोठा झालाय. कुंजाप्पू कोणी नाही, हा माझा सुगुणन आहे.

मग मागून एक कू आलं. मग डावीकडून. मग सगळ्या मैदानातून, ज्यांना मी लहानपणी कडेवर घेतलं त्यांच्याही तोंडून. इतकी वर्षं नाटकात काढली, मला कधी कू झालं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. अंबु हात जोडून उभा होता, मान खाली, गरीब गाय. सेक्रेटरी माझ्या हातातला माइक घ्यायला आला, मी देत नव्हते. मी सुगुणनला म्हटलं, तू बोल. सांग यांना.

त्याने माइक घेतला. वर्षभर गावाने ज्याचा आवाज ऐकला नव्हता, त्याची हनुवटी वर गेली, श्वास अडकला.

“चेच्चीचा गैरसमज झालाय. मी हे अंबुचेट्टनचं बघूनच शिकलो... शिकलो.”

काय तो जल्लोष! अंबुने त्याला मिठी मारली, फोटो निघाले. मी बाजूच्या पायऱ्यांवरून उतरले. कोणी वाट अडवली नाही आणि कोणी धरलंही नाही.

घरी तो माझ्या मागोमाग आला. फॅन्सवाल्यांनी रिक्षाने सोडला. शाल अजून खांद्यावर. मी त्याला फैलावर घेतलं. म्हटलं, जन्मभर तुझ्यासाठी लोकांशी भांडले, आणि आज गावासमोर तू मला खोटी पाडलीस. त्याने तुझी बोली नेली, आता तू आपणहून बाकीचंही नेऊन दिलंस त्याला. लाज नाही वाटली? अजून बरंच बोलले. तो ओसरीवर बसून शालीची घडी घालत होता. माझं संपेपर्यंत थांबला.

“चेच्ची, ती चाल माझी म्हटली की लंगडेपणा. त्याची म्हटली की कला.” घरात तो सरळच बोलतो, तसाच बोलला. “डॉक्टर म्हणाला ना, छान जमलंय? आयुष्यात माझ्या पायाला कोणी छान म्हटलं नव्हतं. वर्षभर मी त्या खांबाला टेकून तेच तपासत होतो. मला राग येत नव्हता. राग तुला येत होता.”

मी म्हटलं, अरे, पण ती तुझी आहे.

“मग माझी आहे तर मी कोणालाही देईन.”

पलीकडच्या गावच्या उत्सवात त्याला बोलावलंय, हेही त्याने तेव्हाच सांगितलं. अंबुचेट्टनचा डुप्लिकेट म्हणून. स्टेजवर एकदा चालायचं, कुंजाप्पूची दोन वाक्यं म्हणायची. अंबुनेच शब्द टाकला होता. आणखीही ठिकाणी बोलावतील, म्हणाला. गळ्यातला तो स्पीकर त्याने काढून खिडकीत ठेवला होता.

मी म्हटलं, मी नाही येणार बघायला.

“नकोच येऊस,” तो म्हणाला. “सगळ्यांना तिथे कुंजाप्पू दिसेल. तुला तेवढा माझा पाय दिसेल.”