शामाचा गळा

संक्रांत उलटून गेली तरी डोंगरावरचं धुकं उठायचं नाव घेत नव्हतं. नागपूरहून पहाटे निघालेली पक्षी बघणाऱ्यांची टोळी सातपुड्याच्या जंगलात नाल्याकाठी उभी होती. सगळ्यांच्या गळ्यात दुर्बिणी, महादेवरावांच्या गळ्यात नुसता मफलर. त्यांचा उभा जन्म पॉवरलूमवर गेला. लूमनं पोट भरलं आणि कान खाल्ले, आणि त्याची दखल एकाही मालकानं घेतली नाही. डॉक्टर म्हणाला, उरलंसुरलं ऐकू येणंही आता चाललं. ते ऐकून महादेवराव लेकीला एवढंच म्हणाले होते, "पुरं जायच्या आधी जंगलातलं एखादं पाखरू ऐकव मले."

रोशनीनं इथं शामा ऐकला होता. काळा, लांब शेपटीचा, गळ्यात गाणं घेऊन जन्मलेला. म्हणून ती बापाला नागपुरातल्या सक्करदऱ्याहून इथवर घेऊन आली.

"काहीच बोलून नाही राहिलं का वं?" महादेवरावांनी विचारलं. लूमच्या धडधडाटावर मात करायची सवय झालेला आवाज तो. बांबूतले होले फडफडत उडाले.

टोळीचे म्होरके कृष्णकांत रामदासपेठेतले, निवृत्त साहेब. ते रोशनीला म्हणाले, "काकांना गाडीत बसव ना. इथे शांतता लागते."

शांतता शिकवणाऱ्या या माणसाच्या खिशात स्पीकर होता. शामाचं रेकॉर्ड केलेलं गाणं वाजवायचं. आपल्या जागेत दुसरा नर घुसला म्हणून खरा शामा जीव तोडून भांडायला येतो आणि यांचे फोटो निघतात. याला हे लोक पक्षीप्रेम म्हणतात. रोशनी यावरून त्यांच्याशी मागच्या हिवाळ्यातही भांडली होती. आजही तिनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात स्पीकर वाजला. पूर्ण आवाजात.

महादेवराव जागीच थांबले. त्यांनी डोळे मिटले. धुकं त्यांच्या खांद्यांवरून वाहत होतं, जणू कोणी पांढऱ्या सुताचा ताणा सोडत चाललंय आणि हा माणूस त्याच्या मधोमध झोपेत उभा आहे.

"आलं वं," ते म्हणाले. "ऐकू आलं मले."

रोशनीच्या ओठांवरचं भांडण तिथंच विरलं. खोटं तर खोटं, बापाचा चेहरा तिनं असा कधी पाहिला नव्हता. गप्प बसलं तर काय बिघडतं? शामाचं बिघडतं, ते बिघडू दे. इतका वाईट विचार तिच्या मनात आला आणि तिला त्याची लाजही वाटली नाही.

गाणं पुन्हा वाजलं. पुन्हा. पुन्हा.

महादेवरावांच्या कपाळावर आठी उमटली. "रोशनी, हे दर वेळी तिथंच काहून येऊन तुटते? एकाच जागी दम घेते. जित्या जिवाचं असं नसते."

ती खाली बघत राहिली.

"मशीन हाय का?"

तिनं मान हलवली. हो.

 महादेवरावांनी मूठ वळून छातीकडे ओढली. लूमच्या गोंगाटात कामगार हातांनीच बोलत. या खुणेचा अर्थ, लूम बंद कर. रोशनी लहानपणी डबा द्यायला जायची, तिला ती भाषा येत होती. ती तडक गेली आणि कृष्णकांतांच्या हातातून स्पीकर काढून बंद केला.

"हा काय उद्धटपणा?"

"आहेच मी उद्धट. आता तुम्ही गाडीत बसा."

ते बसले नाहीत. फणफणत टोळी घेऊन पुढच्या वळणावर गेले. नाल्यावर आता फक्त धुकं हलत होतं.

शामा तेव्हा आला. चिडून, दुश्मन शोधत, हाताच्या अंतरावरच्या फांदीवर. त्यानं चोच उघडली. रोशनीला ते गाणं अंगावर सांडल्यासारखं ऐकू आलं. महादेवरावांना काहीच नाही. पण पाखराचा गळा थरथरताना दिसत होता. ते वाकून बघत राहिले.

"बोलून राहिला?" त्यांनी कुजबुजत विचारलं. आवाज एवढा खाली आणता येतो हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसावं.

"हो बाबा. खरा हाय," ती त्यांच्या कानाला लागून म्हणाली.

"कसा वाटते?"

रोशनीनं शब्द शोधले. "उलीसा... पाण्यावानी... नाही, तसा नाही..."

"ऱ्हाऊ दे," महादेवराव म्हणाले. त्यांची नजर गळ्यावरून हलली नाही. "तू आईक. मले पाहू दे."